अर्नाळ्याची म्हणजे पोहणारच

आगाशी गाव मागे पडलं तरी सालोमीची पाच टप्प्यांची जपमाळ पहिल्याच रहस्यावर अडकली होती. बेटी तिसऱ्यावर पोहोचली होती. ईस्टरआधीच्या उपवासकाळातला शुक्रवार, म्हणून दोघी किनाऱ्यावरच्या अर्नाळ्याहून निर्मळच्या चर्चपर्यंत चालत निघाल्या होत्या. मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या बेटीला त्यात आणखी एक काम होतं. धर्मग्रामाच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, मासिकासाठी सालोमीवर लेख लिहायचा होता. सालोमी आता मोठी बाई झाली होती.

मोठी झाली ती सरकारी खर्चाने. अग्निशमनवाले येईपर्यंत गावातल्याच कुणीतरी माणसं वाचवावीत म्हणून गेल्या वर्षी प्रशिक्षण निघालं. बायकाही हव्यात, असं वरून आलं. महिला मंडळाने एकमताने सालोमीचं नाव दिलं, कारण त्या दिवशी बैठकीला तेवढी तीच नव्हती.

पण गेल्यावर ती रमली. जखमीला उचलायचं कसं, पट्टी बांधायची कशी, सगळं मन लावून शिकली. बाहुलीची छाती तर तिने अशी दाबली की शिकवणारे साहेब म्हणाले, "बाई, तिला वाचवायचंय."

मग पोहण्याचा दिवस आला. तुळिंजहून आलेल्या फ्लॅटवाल्यांना साहेबांनी एकेक करून तलावात उतरवलं. सालोमीची पाळी आली तेव्हा ते हसले. अर्नाळ्याच्या बाईचं पोहणं काय बघायचं, म्हणाले, आणि तिला काठावर सगळ्यांचे टॉवेल सांभाळायला बसवलं. तीही हसली. शेवटी नारिंगी जॅकेट आणि शिट्टी घेऊन घरी आली.

"मग?" बेटीने विचारलं.

"मग काय, बाय? मला पोहता येत नाय."

बेटीला हसू फुटलं. सालोमी हसत नाही हे दिसल्यावर तिने ते आवरलं.

यात लपवाछपवी काहीच नव्हती. बाप आणि भाऊ होडीवर जायचे. बायकांचं काम होडी किनाऱ्याला लागल्यावर सुरू व्हायचं. मासळी निवडायची, वाळवायची, विकायची. सालोमी आयुष्यात गुडघ्याच्या वर पाण्यात गेली नव्हती. आता समुद्राकाठच्या बाईला पोहता येतं का, असं विचारणार तरी कोण?

नाताळनंतरच्या रविवारी मुंबईकडचा एक पाहुणा मजा करता करता गळ्याएवढ्या पाण्यात गेला आणि तिथून पुढे गटांगळ्या खाऊ लागला. किनाऱ्यावरची माणसं त्याच्याकडे न बघता सालोमीच्या अंगातल्या जॅकेटकडे बघू लागली. सालोमीने शिट्टी फुंकली. कुणाला बोलवायचं म्हणून नाही, भीतीने फुंकली. जाळी विणत बसलेल्या दोघांनी होडी लोटली आणि त्याला ओढून आणलं. पुढचं मात्र तिने शिकल्याप्रमाणे नीट केलं. पाहुण्याने डोळे उघडले आणि मोबाईल कुठे आहे ते विचारलं. फोटो निघेपर्यंत ते दोघे परत जाळ्यांकडे गेले होते. फोटोत जॅकेट आलं.

मग शाल, श्रीफळ, भाषणं. आपण पाण्यात उतरलोच नव्हतो, असं सालोमीने माईकवर स्पष्ट सांगितलं. टाळ्या पडल्या. पुढच्या रविवारी फादरांनी प्रवचनात तिच्या नम्रतेचा दाखला दिला. मे महिन्याच्या सुट्टीत किनाऱ्यावर जे पथक उभं राहणार, त्यात पाण्यात पहिली उडी सालोमीची, असं ठरलं. तिने साहेबांना फोन करून पोहता येत नसल्याचं सांगितलं. साहेब म्हणाले, विनय पुरे आता.

"नाव काढून घे ना सरळ," बेटी म्हणाली.

"काढलं तर माझ्या जागी कोन? मंडळ परत बैठकीला न आलेलीच धाडनार." सालोमीने जपमाळ मुठीत गुंडाळली. "आनि बाय, तो मानूस बुडत होता तेव्हा माझ्याकडं बघत होता. जॅकेटकडं नाय. मे महिन्यात कुनी तसं बघितलं तर मी काय करू?"

 बेटीने पुढचा 'नमो मारिया' सुरू केला आणि मध्येच सोडला. निर्मळच्या वाड्या दिसू लागल्या होत्या. त्यातलीच एक बेटीच्या माहेरची. घरामागे तळं, वसईत त्याला बावखल म्हणतात. बेटी आणि तिच्या बहिणी लहानपणी कमरेला सुके नारळ बांधून त्यातच पोहायला शिकल्या होत्या.

सालोमी थांबली.

"तुमचं बावखल बुजवलं नाय ना अजून?"

"नाही. पाणी आहे चांगलं."

"मग मला शिकव. उद्यापासून. नारळ बांधायचे तर बांध, मला लाज नाय." ती दोन पावलं पुढे गेली आणि वळली. "लेख पन लिही. खरं तेच लिही. फक्त मी तरंगाया लागले की मगच फादरांकडं दे."