चॅम्पियन आणि सफारीवाले काका

हसणार नसाल तर सांगतो. म्हणजे हसणारच तुम्ही, पण निदान चहा तोंडात असताना हसू नका. गाढवपणा मी आयुष्यात पुष्कळ केलाय, पण हा सगळ्यांचा बाप!

दोन हजार पाच-सहाचा सुमार. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये एका सिंधी शेठचं गेमिंगचं दुकान होतं. तिथे मी नोकरीला. काम काय? तर व्हिडिओ गेम खेळायचे! खरंच सांगतो. शेठने बाहेर बोर्ड लावला होता, 'आमच्या चॅम्पियनला हरवा, महिनाभर फुकट खेळा.' तो चॅम्पियन म्हणजे अस्मादिक. बंदुकांचा गेम, समोरासमोर. पोरं पैसे देऊन माझ्याकडून हरून जायची आणि मला त्याचा पगार मिळायचा. इकडे शिरगावला बिल्डिंगमध्ये आई सांगायची, "आमचा मिलिंद कॉम्प्युटरमध्ये आहे." आता यात खोटं काय?

मग भेटली वैशाली. शेजारच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. आमचं जमलं. समाज एक, माझ्या घरच्यांची ना नव्हती. अडचण एकच, तिचे पप्पा. अंबरनाथला कंपनीत लेथ मशीनवर टर्नर. एकदम कडक माणूस.

"पप्पांना माझ्या कामाचं काय सांगितलंस?"

"खरं ते सांगितलं."

"मेलो!"

"ऐक ना. ते चौकशीला येतील दुकानात. कधी ते सांगणार नाहीत, ओळखही देणार नाहीत. ताईच्या वेळी भावजींच्या ऑफिसात शिपायाशेजारी बसून सगळं बघून आले होते. नीट वाग, काय?"

आपल्याकडची पद्धतच आहे ती. पोरगी द्यायच्या आधी गुपचूप जाऊन पोरगा बघून यायचा. मी मान डोलावली. ते दिसतात कसे, हे विचारायची अक्कल मात्र मला झाली नाही.

त्याच संध्याकाळी दुकानात एक गृहस्थ शिरले. कडक इस्त्रीची सफारी, जाड मिशी, चष्म्यावरून रोखून बघणं.

"तूच काय तो चॅम्पियन?"

झालं! हाच सासरा! बसवायला खुर्ची शोधतोय तर एकही रिकामी नाही. कोपऱ्यात स्टुलावर एक काका मांडीवर डबा घेऊन केव्हाचे बसले होते. असतील कुणाची तरी वाट बघत. मी त्यांना म्हटलं, "ओ काका, उठा की जरा. आमचे पाहुणे आलेत." बिचारे उठले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

सफारीवाले म्हणाले, "चल, खेळ माझ्याशी."

आता तुम्हीच सांगा, होणाऱ्या सासऱ्याला गोळी कशी घालायची? पहिल्या डावाला मी सरळ जाऊन समोर उभा राहिलो. ठो! गेलो. "वा काका, काय नेम आहे तुमचा!" दुसऱ्या डावाला त्यांची एक गोळी मला लागेल तर शपथ. शेवटी मीच त्यांच्या बंदुकीच्या तोंडाशी गेलो. वर स्पेशल चहा मागवला, सोबत क्रीमची बिस्किटं.

शेठ धावत आला. "अरे साईं, ये क्या कर रहा है तू? सो गया क्या?"

"शेठ, हळू बोला. घरचा माणूस आहे."

"किसके घर का? इसकी पीछे गली में परदे की दुकान है! अब महिनाभर फुकट बैठेगा इधर, मेरे सर पे!"

पडद्यांचं दुकान? टर्नर माणूस पडदे कशाला विकेल? मग पप्पा कुठेत? मी हळूच मान वळवली. भिंतीला टेकलेल्या काकांनी डबा पिशवीत घातला, माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी वैशालीचं तोंड एवढंसं झालेलं.

"पप्पा नाही म्हणाले."

"गेम खेळतो म्हणून ना?"

"नाही रे! काम आवडलं त्यांना. म्हणाले, हातात कसब असेल तर कुठलंही काम चांगलं. पण या पोराला त्याचं काम येतच नाही!"

मी तडक त्यांचं घर गाठलं. तेच स्टुलावरचे काका पेपर वाचत बसले होते. जय भीम केला आणि एका दमात ओकलो, "काका, मी मुद्दाम हरलो! मला वाटलं ते सफारीवाले म्हणजे तुम्हीच!"

पेपर खाली आला. "मुद्दाम? म्हणजे शेठचा पगार खायचा आणि त्याचाच माल बिघडवायचा? मी जन्म लेथवर घालवला. उद्या माझा व्याही बघायला आला म्हणून मी जॉब वाकडा कापू काय?"

घ्या! काम येत नाही म्हणावं तर अडाणी, येतं म्हणावं तर लबाड. पोरगी डोळ्यांदेखत हातातून चालली होती. मी अगदी रडकुंडीला आलो हो.

"काका, एक चान्स द्या. तुम्ही स्वतः खेळा माझ्याशी. अजिबात सोडणार नाही तुम्हाला!"

दारात उभ्या वैशालीने कपाळावर हात मारून घेतला.

रविवारी बापलेक दुकानात आले. शेठने कॉम्प्युटरला अगरबत्ती ओवाळली. काकांनी माउस उलटा करून खालून बघितला. मला वाटलं, चहा येईपर्यंत खेळ खलास.

पण माझे हात! मागे वैशाली उभी, समोर तिचे पप्पा. घामाने माउस हातात राहीना. सगळ्या गोळ्या भिंतीत. काका तर जागचे हलतच नव्हते, कारण हलायचं कसं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. शेवटी म्हटलं, बॉम्बच टाकतो. टाकला. तो दाराच्या चौकटीवर आपटला, टुणकन परत आला आणि माझ्याच पायाशी फुटला.

काका जिंकले! एक गोळी न झाडता!

काका माझ्याकडे वळले. "परत मुद्दाम?"

"नाही हो काका! आईशपथ! खरंच हरलो!" माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

त्यांनी माझे थरथरणारे हात आपल्या राकट हातांत धरले, उलटेसुलटे करून बघितले. "नाही. हे नाटक नाही," ते वैशालीला म्हणाले. "पोरगा लबाड नाही गं. होऊन जाऊ दे."

मी पाया पडायला वाकलो. त्यांनी मला उठवलं, खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने माझ्या कानात म्हणाले, "फक्त लग्नाआधी दुसरी नोकरी बघ बाळा. हे काही तुला जमण्यातलं नाही."