डोमकळीचं चित्र

बुलढाण्याच्या शेती कार्यालयात वेबसाइट सांभाळणारा तो माणूस मी दारात आलो की टेबलावर टिचकी मारतो, म्हणजे मला आंधळ्याला खुर्ची सापडते. त्याचं प्रत्येक वाक्य 'हाव ना भाऊ'वर थांबतं.

एकदा मी तडकलो, "तुमच्या वेबसाइटवर बोंडअळीच्या पानावर माहा वाचून दाखवणारा फोन नुसता 'चित्र, चित्र' म्हणते. मले काय कपाळ समजते?"

"डोमकळी घेऊन या, हाव ना भाऊ."

अळीमुळे न उमललेलं कपाशीचं ते फूल मी नेलं. "डोळे मिटून पाह्यतो, हाव ना भाऊ," तो म्हणाला आणि बराच वेळ चाचपत राहिला.

आज वावरात तेच पान उघडलं, तर फोन बोलला, "डोमकळीचं चित्र. पाकळ्या पिळलेल्या, बोटानं सुटत नाहीत."

मी झाडावर हाताला लागलेलं फूल चाचपलं. पाकळ्या सुटेनात. अळीसकट खुडलं आणि एकटाच म्हणालो, "हाव ना भाऊ!"