गोठ्यातला अर्धा तास

स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली होती. पिंपरीच्या बाजूला कारखाने यायला लागले होते, पण पवना नदीच्या पलीकडे पाऊल टाकलं की पावसाळ्यात नुसता चिखल. मी चिंचवडच्या दवाखान्यात नर्स होते. वय चोवीस. खेड्यातून बाळंतपणाचं बोलावणं आलं की चालतच जायचं.

पावसात कसं चालायचं हे मी चुका करत शिकले होते. छत्री वाऱ्यात टिकत नाही. चपला चिखलात रुतून बसतात, त्या पिशवीत टाकून अनवाणीच चालावं. पिशवीत कात्री, दोरा, कापूस आणि माझं एक कोरडं लुगडं असे. बाळंतिणीखाली घालायची रबरी चादर त्या पिशवीभोवती घट्ट गुंडाळायची. आपण भिजलो तरी चालेल, पिशवी भिजता कामा नये.

त्या श्रावणात मी एका गावाहून ओलीचिंब परतले आणि तीन दिवस तापाने पडून होते. अजून अंगात कणकण होती, तोच हिंजवडीपलीकडच्या माण गावचा एक तरुण शेतकरी सकाळी दवाखान्यात आला. त्याच्या बायकोचं पहिलंच बाळंतपण. रात्रीपासून कळा चालू होत्या आणि गावची सुईण म्हणत होती, मूल पायाळू आहे. डॉक्टर पुण्याला गेलेले. मी पिशवी बांधली आणि निघाले.

नावेने नदी ओलांडून काळेवाडीला उतरलो तेव्हा भुरभुर होती. वाकडच्या पुढे पावसाने झोडपायला सुरुवात केली. त्याच्या डोक्यावर बांबूच्या कामट्यांचं नि पळसाच्या पानांचं इरलं होतं. ते त्याने काढून मला दिलं. पण पाऊस आडवा येत होता, त्यामुळे कमरेखाली मी पार भिजले. तो दहा पावलं पुढे जायचा, मागे वळून बघायचा, थांबायचा. हिंजवडी मागे पडेपर्यंत माझे दात वाजायला लागले. बोटं वाकेनात.

माणची झाडं दिसायला लागली तिथे रानात एक रिकामा गोठा होता. मी आत शिरले.

"बाई, गाव त्ये दिसतंय," तो म्हणाला. "घरी गेल्याव बदला लुगडं. चूल पेटलेली आसंल."

मी म्हणाले, "माझे हात आखडलेत. असल्या गार हातांनी तिला हात लावता येणार नाही. पाच मिनिटं थांबा."

हे खोटं नव्हतं. शिकताना आम्हाला तसंच सांगितलेलं होतं. पण आज लिहिताना हेही लिहायला हवं की मला तापाची भीती वाटत होती, आणि त्याहूनही, मला फार थंडी वाजत होती. कोपऱ्यात गोवऱ्या रचलेल्या होत्या. त्या पेटवायला मी त्याला सांगितलं. ओलसर हवेत त्या लवकर पेटेनात. त्याने गुडघ्यावर बसून फुंकर घातली, जाळ धरल्यावर उठला आणि पाठ करून बाहेर पावसात उभा राहिला. मी लुगडं बदललं, केस पिळले, हात शेकले. शेकताना बरं वाटलं, ते अजून आठवतं. पाच मिनिटांचा अर्धा तास झाला. निघताना त्याने स्वतःचं घोंगडंही माझ्या अंगावर घातलं आणि उघड्या डोक्याने पुढे चालू लागला.

आम्ही पोचलो तेव्हा दारातल्या बायका बोलायच्या थांबल्या. आत सुईण भिंतीला टेकून बसली होती. पाय आले, धड आलं, डोकं अडकलं, ते आत्ता कुठे सुटलं, असं तिने सांगितलं. सुपात फडक्यावर मुलगा होता. मी त्याला हातात घेतलं, तोंड साफ केलं, तोंडाला तोंड लावून फुंकलं, पाठ चोळली. बराच वेळ. श्वास आला नाही. अंग अजून कोमट होतं. डोकं अडकलं तर काय करायचं ते मला येत होतं, दोनदा केलेलंही होतं.

मग मी आईकडे वळले. वार नीट पडली, रक्त थांबलं, ती वाचली. सासूने मला गरम पाणी दिलं. देताना तिची नजर माझ्या कोरड्या पदरावर गेली. दुसऱ्या दिवशी तिचा नवराच मला नदीपर्यंत पोचवायला आला.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, अर्धा तास आधी पोचला असतात तर काय झालं असतं, कोण सांगणार. त्यांनी विषय संपवला. माझा संपला नाही.

थंडीत देवीची लस टोचणाऱ्या माणसाबरोबर मी माणला गेले. त्या शेतकऱ्याची बायको ओट्यावर तांदूळ पाखडत होती. अंगाने भरली होती. मला बस म्हणाली. मग सुपावरची नजर न काढता तिने विचारलं, "बाई, तुमी वाटंत थांबला व्हता म्हणं?"

"हो."

"किती येळ?"

पाच मिनिटं म्हणता आलं असतं. मी म्हणाले, "अर्धा तास."

तिचे हात थांबले. "ह्यांनी सांगितलं, उलीसं टेकला व्हता. लई येळ न्हाई."

म्हणजे त्याने तिला, घराला, सगळ्यांना तसंच सांगितलं होतं. माझ्यासाठी की तिच्या जिवाला त्रास नको म्हणून, ते मला कळलं नाही. आणि मी दोन शब्दांत ते मोडलं होतं. ती सूप घेऊन उठली आणि आत गेली. थोडा वेळ मी ओट्यावर बसून राहिले. कोणी बाहेर आलं नाही. मग मी पुढच्या घरी गेले.

त्यानंतरही पुष्कळ पावसाळे मी त्या वाटांनी चालले. कधी आडोशाला थांबले, कधी थांबले नाही. दोन वर्षांनी त्या घरी मुलगी झाल्याचं गावातल्या एका बाईकडून कळलं. दोघीही सुखरूप होत्या. बाळंतपण सुईणीनेच केलं होतं. मला बोलावणं आलं नव्हतं.