मागून बसलेली लाथ

स्वतःच्या पायांवर माझ्या बायकोच्या मामांइतकं प्रेम करणारा आणि त्याच पायांचं इतकं न ऐकणारा माणूस अख्ख्या खानदेशात दुसरा झाला नसेल. मामा पाचोऱ्याचे. रेल्वेत चाबीवाला म्हणून त्यांनी उभी नोकरी रुळांवर चालत काढली. खांद्यावर हातोडा आणि पाना घ्यायचा, रोज आपल्या वाट्याची लाइन पायी तपासायची, रूळ धरून ठेवणारी चाबी सैल झाली असेल तर ती ठोकून घट्ट करायची. त्यामुळे त्यांची पावलं रुळांखालच्या आडव्या स्लीपरच्या मापाची कायमची होऊन गेली. डांबरी रस्त्यावरही ते दोन स्लीपरमधलं अंतर टाकत चालत आणि मामी पिशवी सांभाळत त्यांच्या मागे जवळजवळ धावत. अंतर ते किलोमीटरमध्ये सांगत नसत, रुळाकडेच्या खांबांत मोजत. "तुमचं जळगावचं घर स्टेशनापासून बावीस खांब," असं त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत मला सुनावलं, आणि स्टेशनावर न्यायला आलेल्या माझ्या स्कूटरकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी ती तिथंच लावून त्यांच्याबरोबर पायी निघालो.

रिक्षा हा त्यांना वैयक्तिक अपमान वाटे. पाऊस असो, ऊन असो, सामान असो, "देवानं दोन पाय दिले, रिक्षावाल्यानं तीन चाकं लावली, आता तूच ठरव कोणाचं ऐकायचं," असं ते रिक्षावाल्याच्याच तोंडावर म्हणत. चपलांच्या दुकानात तर त्यांना एकटं सोडायची सोय नव्हती. एकदा दुकानदारानं "नऊ नंबर देऊ का?" विचारलं, तर मामा म्हणाले, "नंबर आरोपीला असतो. माझ्या पायाला नाव आहे." नाव काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची दुकानदाराची हिंमत झाली नाही.

डॉक्टरांवरचा त्यांचा राग मात्र अनुभवातून आलेला होता आणि म्हणूनच जास्त धोकादायक होता. निवृत्तीच्या आसपास त्यांची टाच दुखायला लागली. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की कळ मस्तकात जायची, दहा-वीस पावलं चालले की कमी व्हायची. सगळे म्हणाले, दवाखान्यात दाखवा. मामांनी मामीच्या स्वयंपाकघरातलं लाटणं उचललं, खुर्चीत बसले आणि सकाळ-संध्याकाळ तळपायाखाली ते मागेपुढे फिरवू लागले. दोन-अडीच महिन्यांत टाच खरोखर बरी झाली. मामीनं नवं लाटणं आणलं, आणि जुनं मामांनी दिवाणखान्यात, त्यांच्या निवृत्तीच्या फोटोखाली ठेवलं. पुढे एकदा दगडाला ठेचकाळून अंगठा काळानिळा झाला, तोही आंबेहळदीच्या लेपानं बरा झाला. तेव्हापासून डॉक्टर विरुद्ध मामा या सामन्यात मामा दोन-शून्यनं पुढे होते, आणि हा हिशेब ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत.

तिसरा सामना प्रजासत्ताक दिनाच्या सकाळी झाला. मी आणि संगीता, म्हणजे माझी बायको, त्या दिवशी पाचोऱ्यातच होतो. झेंडावंदनानंतर मामांच्या कॉलनीच्या मैदानावर रस्सीखेच ठरली होती, नोकरीवाले विरुद्ध निवृत्त. निवृत्तांच्या दोरात शेवटून दुसरे मामा आणि सगळ्यात शेवटी, कमरेला दोर गुंडाळून, सुपडू नाना. नाना म्हणजे मामांचे रेल्वेच्या गँगमधले सोबती. दोघांनी एकाच लाइनीवर ऊन खाल्लेलं, आणि निवृत्तीनंतरही रोज संध्याकाळी स्टेशनरोडच्या टपरीवर एका चहाचे दोन भाग करून पिणारे. शिट्टी झाली. निवृत्तांनी चांगला जोर धरला होता. मामांनी उजवा पाय जमिनीत रोवून मागे रेटा दिला, आणि वाळकी काटकी मोडावी तसा 'टप्प' असा आवाज मला बाजूला उभ्या उभ्या ऐकू आला. मामांनी दोर सोडला, गर्रकन मागे वळले आणि सुपडू नानांचा सदरा गळ्याशी धरला.

"मांगेथीन लाथ मारी! तूच मारी!"

"मी काब्र मारसू तुले?" नाना कमरेच्या दोरासकट हेलपाटत म्हणाले.

"बठ्ठासनी दखेल शे!"

खरं तर कोणीच काही पाहिलं नव्हतं. निवृत्तांचा संघ तोवर रेषेपलीकडे ओढला जाऊन एकमेकांवर पडला होता. मामा मात्र सपाट पाऊल टाकत, लंगडत, पण स्वतःच्या पायांनी घरी गेले. "पाहा, चालतोय ना? मुका मार आहे," असं त्यांनी दारातच जाहीर केलं, आणि मलाही ते पटलं. चालता येतंय म्हणजे फार काही झालं नसणार, असं मीच संगीताला समजावलं. ते आजही आठवलं की मला माझीच लाज वाटते.

संध्याकाळपर्यंत घोटा सुजला, टाचेच्या वर निळं पडलं. संगीता म्हणाली, "मामा, एक फोटो काढून घेऊ. उद्याच जळगावला चला."

"पाय मना शे, डॉक्टरना नही," मामा म्हणाले. मग जरा समजुतीच्या सुरात म्हणाले, "आणि डॉक्टरकडे गेलो तर सुपड्याच्या लाथेला उगाच मोठेपणा मिळेल. त्याच्या लाथेत एवढा दम आहे हे मी गावाला दाखवू?"

आम्ही जळगावला परतलो. तिकडे नानांनी सुनेच्या हाती उगाळलेली आंबेहळद पाठवली, ती वाटी जशीच्या तशी परत गेली. टपरीवरचा चहा बंद झाला. मामी फोनवर सांगायची, की पाचच्या सुमाराला मामा अस्वस्थ होतात, अंगणात दोन फेऱ्या मारतात आणि आत येऊन विनाकारण कॅलेंडर पाहतात.

सोळाव्या दिवशी मामा कुठल्याशा कामासाठी जळगावला आमच्याकडे आले. स्टेशनावरून पायीच आले, फक्त नेहमीच्या दुप्पट वेळ लागला. दुपारी संगीतानं फळीवरचा पोह्यांचा डबा काढायला स्टूल ओढलं. मामा म्हणाले, "सरक, मी काढतो," आणि चवड्यांवर उभे राहायला गेले. डावी टाच उठली. उजवी उठली नाही. त्यांनी परत प्रयत्न केला. फळीला हात धरून, दात आवळून, तिसऱ्यांदा केला. टाच जमिनीला खिळल्यासारखी तिथंच. मामा हळूच स्टुलावर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचा आवाज इतका बारीक ऐकला.

"पोरी, टाच उठत नाही गं."

संध्याकाळी आम्ही त्यांना हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. रिक्षात बसताना त्यांनी विरोध केला नाही, याचीच मला जास्त भीती वाटली. डॉक्टरीणबाई संगीताच्याच वयाच्या. त्यांनी मामांना पालथं झोपवलं, पावलं टेबलाबाहेर लोंबती ठेवली आणि डावी पोटरी दाबली. डाव्या पावलानं मान डोलावली. उजवी पोटरी दाबली. पाऊल ढिम्म. मग टाचेच्या वर बोट फिरवून त्यांनी मामांचाच हात तिथं नेला. तिथं डाव्या पायाला लागते तशा ताठ दोरीऐवजी खळगा लागत होता.

"मागून कोणी लाथ मारल्यासारखं वाटलं होतं का?"

मामा उठूनच बसले. "वाटलं नाही बाई, मारली! साक्षीदार आहेत!"

"कोणी मारलेली नाही, मामा. पोटरीला टाचेशी बांधणारा दोर असतो, तो तुटला की असंच वाटतं. माझ्याकडे येणारे कितीतरी जण आधी मागे वळून कोणाला तरी शिव्या देऊन आलेले असतात."

भिंतीवरच्या पायाच्या सांगाड्याच्या चित्राकडे मामा बघत राहिले.

"म्हणजे सुपडूनं मारली नाही?"

"कोण सुपडू?" बाईंनी विचारलं.

बाई मग रागावल्या, पण मायेनं. पहिल्या दिवशी आला असता तर कदाचित नुसत्या प्लास्टरवर भागलं असतं, आता ऑपरेशन करावं लागेल, म्हणाल्या. मामांनी मान खाली घालून विचारलं, "मग कळायचं कसं, कोणतं दुखणं लाटण्याचं आणि कोणतं तुमचं?" मग मी बाईंना लाटण्याचा इतिहास सांगितला. त्या हसल्या आणि सावकाश सांगू लागल्या. हळूहळू आलेलं दुखणं विश्रांतीनं उतरत असेल तर काही दिवस वाट बघायला हरकत नाही, दोन-तीन आठवड्यांत उतरलं नाही तर दाखवायचं. पण आवाज होऊन अचानक दुखलं, पायावर भार देऊन चार पावलं टाकता येईनात, पाय वाकडा दिसला, चवड्यावर उभं राहता येईना, तर त्याच दिवशी यायचं. "आणि शुगरवाल्या माणसाच्या पायाला जखम झाली असेल, तर ती दुखत नसली तरी लगेच. किंबहुना दुखत नसेल तर जास्तच घाईनं. त्याच्या पायाची जाणीव गेलेली असते." मामांनी हे त्यांना परत म्हणायला लावलं. बाईंनी म्हटलं.

ऑपरेशन झालं, पाय बुटासारख्या पट्ट्यात अडकला, काखेत कुबड्या आल्या. पाचोऱ्याला गेल्यावर मामांनी मला सांगितलं, "सुपडूकडे ने." गल्ली ओलांडून तीन घरं, पण त्याला आम्हाला पाव तास लागला. नाना ओट्यावर खाटेवर बसले होते. मामांना बघून त्यांनी तोंड फिरवलं नाही, पण सरकून जागाही दिली नाही. मामा समोर टेकले. माफी मागण्याचा त्यांना अजिबात सराव नव्हता. त्यांनी खाली बघितलं, आणि बघतच राहिले. नानांच्या डाव्या चपलेच्या पट्ट्याला वाळलेला, पिवळसर डाग होता.

"पाय वर कर."

"काब्र?"

मामांनी कुबडी टाकली आणि नानांचा पाय स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला. करंगळीच्या खाली तळव्याला बोटाच्या पेराएवढी जखम, कडा काळ्या पडलेल्या.

"हाई काय शे? कितला दिन व्हयनात?"

"व्हयनात आठ-दहा दिन. चपलेना खिळा लागना व्हता. दुखत नही ना पन."

"दुखत नही म्हनीसनच चाल!" मामा ओरडले. नानांना जुनी शुगर होती, हे अख्ख्या गँगला माहीत होतं. नाना म्हणाले, उद्या जाऊ. सून म्हणाली, गुरुवारी हे येताहेत, मग नेतील. मामांनी कोणाचं ऐकलं नाही. दुसऱ्याच्या पायाच्या बाबतीतही ते हट्टीच निघाले. मी जीप बघून आणली, सुनेनं जखमेवर पट्टी बांधली, आणि एक कुबडीवाला नि एक पट्टीवाला असे दोघे म्हातारे मागच्या सीटवर बसून तासाभरात जळगावला निघाले.

नानांची करंगळी काढावी लागली. आठवडा गेला असता तर पाऊल गेलं असतं, असं बाई म्हणाल्या. ऑपरेशनच्या आधी वऱ्हांड्यातल्या बाकावर दोघे शेजारी बसले होते तेव्हा मी पाणी घेऊन आलो आणि दोन पावलं मागे थांबलो.

"नाना, ती लाथ तुनी नव्हती."

नानांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "माले म्हाईत व्हतं. तुले कोन सांगी?"

मामांनी मागे वळून माझ्या हातातली बाटली घेतली, झाकण उघडलं आणि आधी नानांपुढे धरली.

याला आता वर्ष होत आलं. मामांची उजवी पोटरी डावीपेक्षा बारीक राहिली आहे आणि ती भरेल असं बाई आता म्हणत नाहीत. गेल्या महिन्यात पाचोऱ्याला गेलो तर दोघं संध्याकाळी फिरायला निघालेले, मलाही ओढून नेलं. जरा चालायचे, थांबायचे, परत चालायचे. एका थांब्यावर नाना सुपारी काढायला वळले, तेव्हा मामा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "नानासाठी थांबावं लागतं रे. त्याला आता पूर्वीसारखं झेपत नाही." मी मान हलवली. पुढच्या थांब्यावर मामा कोणाशी तरी बोलत उभे राहिले, तेव्हा नानांनी माझा दंड धरला आणि अगदी हळू आवाजात सांगितलं, "तुना मामासाठे थांबनं पडस." मी त्यांनाही मान हलवली.