नानांचे दोन दिवस

डोळे मिटल्याशिवाय नाना फिटर कुठलाही डाय, म्हणजे पत्र्याला आकार द्यायचा साचा, पास करत नसत. कानशीने घासलेल्या लोखंडावरून उजव्या हाताची नखं हळूच फिरवत आणि म्हणत, "बघून काय कळतंय, शेठ? हाताला इचारा." निघोज्यातल्या माझ्या शेडमध्ये पहिलं मशीन आलं तेव्हापासून ते होते. हत्यार दुसऱ्याला देताना मूठ त्याच्याकडे करायची, हा त्यांचा दंडक. मी चुकलो की मलाही बोलायचे.

एका सकाळी म्हणाले, "मनगट लई ठणकतंय. आठ दिवस सुट्टी पायजे. पुण्यात मोठ्या दवाखान्यात दाखवतो."

त्याच आठवड्यात चाकणला डाय पोचवायचा होता. मी तडकलो. "आठ दिवस? मनगट आहे की इंजिन? दोन घ्या."

माझं आयुष्य घासाघिशीत गेलं. भंगारातल्या लेथपासून या जागेपर्यंत काहीही मी पहिल्या शब्दाला घेतलं नाही. दोन म्हणालो ते चारवर मिटेल म्हणून. नाना नुसतं "बरं" म्हणाले. गावातल्या डॉक्टरकडून पट्टा बांधून तिसऱ्या दिवशी हजर. हे मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. एकदा तरी "न्हाई" म्हणायचं होतं.

सहा महिन्यांनी त्यांच्या हातून कानस गळून पडली. मग मीच त्यांना पुण्याला नेलं. मनगटातल्या एका लहानशा हाडाचा रक्तपुरवठा थांबला होता. ते आतल्या आत मेलं होतं. शेजारच्या हाडाचा तुकडा रक्तवाहिनीसकट काढून तिथे बसवायचा, असं सर्जन म्हणाले. "ठणका जाईल. पहिली ताकद येईल असं सांगत नाही. आधी यायला हवं होतं."

निम्मी तरी ताकद येईल ना, म्हणून मी सर्जनशीही हुज्जत घालू लागलो. नाना म्हणाले, "शेठ, हितं भाव करू नका."

तुकडा जगला. ठणका गेला. पण मनगट अर्धंच वळायचं, कानशीला जोर लागेना.

"नुसतं तपासायला या," मी म्हणालो. "नखं आहेत ना?"

"दुसऱ्यानं घासलेलं तपासून पोट भरंल, शेठ. हात न्हाई भरायचा."

"महिनाभर तरी थांबा."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. "दोन दिवस थांबतो."

मला वाटलं, वाढवतील. दोन्ही दिवस ते डाव्या हाताने कानशी साफ करत बसले. तिसऱ्या सकाळी टेबलावर सगळ्या ओळीने मांडलेल्या होत्या, मुठी माझ्या खुर्चीकडे करून.