निऱ्यांना पाणसळ

माझे बाबा, कृष्णराव जगदाळे, सांवेर रोडच्या एका पंपाच्या कारखान्यात चौतीस वर्षं सुपरवायझर होते, आणि आमच्या घरच्या महालक्ष्म्यांना साडी तेच नेसवतात. हसू नका. आईला येत नव्हतं असं नाही. आईचं काम बाबा पास करायचे नाहीत. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी त्यांनी तिच्या निऱ्यांवर पाणसळ धरली, आतला बुडबुडा डावीकडे सरकला, आणि आईने हात जोडले. "अब तुम्हीच करा, भिया," म्हणाली. नवऱ्याला भिया, म्हणजे भाऊ, म्हणणारी बाई इंदूरशिवाय कुठे मिळणार?

तर नेसवायचं बाबांनी, पण मुखवटा दारातून आत आणायचा तो घरच्या लेकीने किंवा सुनेने. ती उंबऱ्याबाहेर थांबते. आतून विचारतात, कोण आलं? ती म्हणते, महालक्ष्मी आली. कशाच्या पावलांनी? सोन्याच्या पावलांनी. आई होती तोवर आई आणायची. ती गेल्यावर तीन वर्षं देवासहून सरोजिनी आत्या आली. त्यांच्या मागे ताट वाजवत चालायचं हे मुलाचं काम, आणि ते अठ्ठावीस वर्षं मी केलं. यंदा आत्याचा गुडघा बदलला आणि डॉक्टरने तिला घराबाहेर पडायला मनाई केली.

आता मुद्द्याचं. मी संहिता. दोन वर्षांपूर्वी मी बाबांना सांगितलं की मी मुलगा नाही, मुलगी आहे, आणि आधीपासूनच होते. ते तेव्हा पाण्याची मोटर खोलून बसले होते. "बरं," म्हणाले, "तो बारा नंबरचा पाना दे." दुसऱ्या दिवसापासून मला संहिता म्हणायला लागले, पार्टचा नंबर बदलला की रजिस्टरात बदलतात तसं. ना भांडण, ना रडारड. पण 'माझी लेक'? ते मात्र तोंडून निघेना. मला यंदा तो मुखवटा हातात हवा होता. तोही मागून नको होता, बाबांनी आपणहून द्यायला हवा होता.

आमचा फोनवर एक ग्रुप आहे, 'ओटला'. घरापुढच्या ज्या पायरीवर बसून बायका साऱ्या गल्लीची उठाठेव करतात, ती पायरी म्हणजे ओटला. माझ्यासारख्या आम्ही तेवीसजणी. दहा नंबरची लेडीज चप्पल कुठे मिळते, कुठला डॉक्टर फुकटचं भाषण देत नाही, आधी आईला सांगायचं का मावशीला, सगळं तिथे विचारायचं. मी विचारलं, मुखवट्याचं बाबांशी कसं बोलू? सिमरोलची पूर्वा म्हणाली, चहा देऊन बोल. दिला. बाबा म्हणाले, साखर कमी आहे. कुणी म्हणालं, स्कूटरवर मागे बसून बोल, तोंड बघावं लागत नाही. बोलले. हेल्मेटमधून काही आत गेलं नाही, आणि बाबांनी स्कूटर पेट्रोल पंपावर घेतली.

तेवढ्यात देपालपूरच्या खुशीने ग्रुपवर हंबरडा फोडला. तिला गणपतीत लेझीम खेळायचं होतं, जन्मात पहिल्यांदा बायकांच्या रांगेत, नऊवारीत. सात व्हिडिओ बघून ती साडीत अशी काही अडकली की बहीण कात्री घेऊन उभी. "कोई तो बचाओ यार!" मी लिहिलं, माझे बाबा नेसवतात, पण फक्त देवीला.

बाबा दरवर्षी आधी आठ दिवस ट्रायल घेतात. त्याचा व्हिडिओ मी टाकला आणि तासाभरात काका ओटल्याचे हिरो झाले. मैत्रिणी विचारतायत म्हणून मी प्रश्न वाचून दाखवायचे, बाबा फोनमध्ये तोंड घालून उत्तर द्यायचे.

"काका, माझे खांदे भोत रुंद आहेत."

"आमच्या ज्येष्ठेचेही आहेत. लोखंडी अँगलचे आहेत. पदर चार बोटं रुंद सोडा."

"काका, चालायला लागले की सुटते."

"बुडाशी पाच किलो गहू भरा. हलणार नाही."

"काका, मी माणूस आहे."

"मग जेवून निघा."

शेवटी खुशीने विचारलं, पायांमधून काष्टा कसा काढायचा. बाबांनी ज्येष्ठेच्या साडीची कड उचलून खाली बघितलं. म्हणाले, "पाय? आमच्या देवीला पाय कुठेत? खाली स्टँड आहे." दुसरा कुणी असता तर इथे हात वर केले असते. बाबांनी स्कूटर काढली, ओळखीच्या वेल्डरकडे गेले आणि ज्येष्ठेच्या स्टँडला दोन पाइप लावून आणले. गुडघ्यात वाकणारे. कारण काय, तर "लेझीम आहे ना!"

आत्याला कळलं, तिचा फोन आला. "दादा, देवीला पाय लावलेस? अरे, काय हे! पाप लागेल!"

"दरवर्षी ओरडता ना, सोन्याच्या पावलांनी आली म्हणून?" बाबा म्हणाले. "मग पावलं काय हवेत लटकणार? वर पाय नकोत?"

आत्याने स्वतःचाच गुडघा दुखतोय म्हणून फोन ठेवला.

मग खुशीने टुमणं लावलं की काकांना ग्रुपमध्येच घ्या. ओटल्यावर बाहेरचं कुणी नाही, हा आमचा पहिला नियम. मतदान झालं. बावीस विरुद्ध एक, आणि ती एक मी. तिथे काय काय बोलणं चालतं, ते बाबांनी वाचायचं? बाबा मात्र तांत्रिक सल्लागार म्हणून थाटात आले आणि पहिला मेसेज टाकला : "नमस्कार. फोटो पाठवा. तपासणीशिवाय माल बाहेर जाणार नाही." फोटोंवर लाल बाण काढायचे. "निरी क्र. ४ तिरपी." खुशी लेझीम खेळून आली, साडी सुटली नाही, तिच्या व्हिडिओवर शेरा पडला : "पास."

दोन दिवसांत माणूस साडीच्या बाहेर पसरला. कुणी लिहिलं, हार्मोनच्या गोळ्यांनी मळमळतं, अर्ध्या करू का? बाबा : "मनाने डोस बदलू नये. ज्याने मशीन बसवलं त्यालाच विचारावं." कुणी लिहिलं, ऑफिसात मुद्दाम जुन्या नावाने हाक मारतात. बाबा : "लेखी द्या. पोच घ्या." तिने पोच घेतली, आणि खरोखर हाका बंद झाल्या! सगळ्या खूश. मी मात्र धुमसत होते. जगाच्या लेकींना सल्ले, आणि घरच्या लेकीला काय? "डाळीत मीठ टाकलं का?" दिव्याखाली अंधार, म्हणतात ना, तसली गत.

आवाहनाचा दिवस उजाडला. मुखवटे तुळशीपाशी ताटात मांडलेले. तिथपासून उंबऱ्यापर्यंत रांगोळीची पावलं, मीच काढलेली. बाबा बाहेरच्या खोलीत, मी आत कणीक मळतेय, आणि मुखवटा कोण आणणार यावर सकाळपासून घरात अवाक्षर नाही. मी ठरवून टाकलं, आपण ताट वाजवायचं आणि गप्प बसायचं. एवढ्यात फोन वाजला. ओटल्यावर बाबांचा मेसेज होता.

"घरगुती अडचण आहे. मुखवटा लेकीने आणायचा असतो. लेक घरात आहे. दोन वर्षांपूर्वी तिने मोठी गोष्ट सांगितली तेव्हा मी पाना मागितला, ती चूक झाली. तेव्हापासून लेक म्हणायचं राहून गेलंय. तोंडाने होत नाही. उपाय सुचवा."

झालं, सगळ्या तुटून पडल्या. चहा देऊन बोला. स्कूटरवर बोला. पूर्वाने तर पत्राचा मसुदाच धाडला. शेवटी खुशीने लिहिलं, "काका, अहो, संहिता इसी ग्रुप में है!"

"माहीत आहे," बाबांनी लिहिलं. "म्हणूनच इथे लिहिलं."

फोनला कणीक, डोळ्यांना पाणी, आणि वरून संताप. बारा फुटांवर बसून हा माणूस ग्रुपवर लिहितो! मी तणतणत बाहेर गेले. बाबा आईची जांभळी नऊवारी घेऊन उभे होते, खिशात पाणसळ. माझ्याकडे न बघता म्हणाले, "हात धुऊन ये. मग सरळ उभी राहा."

"श्वास घेऊ का?"

"निऱ्या होईपर्यंत नको."

वीस मिनिटं लागली. मग त्यांनी पाणसळ धरली, चष्मा वर करून पाहिलं आणि बुडबुडा मधोमध दिसताच ती खिशात ठेवली. आता ताट कोण वाजवणार? देवासहून आत्या व्हिडिओ कॉलवर ताट घेऊन बसली होती, तिला जोर चढला होता. मी तुळशीपाशी जाऊन मुखवटा उचलला. चांगलाच जड असतो, इतक्या वर्षांत मला माहीतच नव्हतं. रांगोळीच्या पावलांवरून उंबऱ्याशी आले. आत बाबा पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते.

"कोण आलं?" त्यांनी विचारलं.

अठ्ठावीस वर्षं ऐकलेलं उत्तर, आणि माझं डोकं साफ रिकामं. तोंडातून निघालं, "मी, बाबा."

फोनमधलं ताट थांबलं.

"तू तर घरचीच आहेस, लेकी," बाबा म्हणाले. "हातात कोण आहे ते सांग."