कड्यातली हाक

चूक माझीच होती, आणि ती मी कळून-सवरून केली. वेल्ह्याकडच्या रस्त्याच्या कामावर मी ओव्हरसियर होतो. वळणावरचा कडा सुरुंगानं फोडायचा होता. रस्ता ओढ्याच्या बाजूनं नेता आला असता, पण काम लांबलं असतं.

त्या कड्याखाली एक म्हातारा धनगर रोज दुपारी येई. पागोटं काढून काखेत धरी, "अगं एऽ" अशी हाक घाली, आणि कड्यातून ती परत आली की मान डोलवी. तरुणपणी त्याची बायको वरून अशीच ओ देत असे, असं मजुरांनी सांगितलं. ती वारून वीस वर्षं झाली होती.

तो हटेना, म्हणून मी सासऱ्यांनी दिलेलं सोन्याचं घड्याळ त्याच्या हातावर ठेवलं. "हे घ्या, आणि जागा सोडा."

त्यानं ते कानाला लावलं, बराच वेळ ऐकलं आणि परत दिलं.

"लई ग्वाड बोलतंय, सायेब. पर मला वळखत न्हाई."

मजूर हसले. मीही हसलो. त्याला धरून बाजूला नेलं आणि त्याच दिवशी कडा फुटला.

दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा हाक घातली. काहीच परत आलं नाही. तरी तो नेहमीइतकाच थांबला आणि त्यानं मान डोलवली. आठवडाभर हेच चाललं. मजूर त्या वळणावर जायला भिऊ लागले. शेवटी मीच त्याच्यापाशी गेलो. "बाबा..."

त्यानं हातानं मला थांबवलं. "गप ऱ्हावा. ती बोलतीया." मग वळून म्हणाला, "मला न्हाई, तिला सांगा."

मी फुटलेल्या कड्यापुढं हात जोडले आणि मोठ्यानं म्हणालो, "बाई, चुकलं माझं."